भुऱ्याच्या कण्याचं फ्रॅक्चर: डिसेंबर ते एप्रिलच्या नोंदी

११ डिसेंबर

भुऱ्या. कुत्रा, नर, रस्त्यावरचा, दातांवरून वय अंदाजे तीन वर्षं, वजन १४ किलो. संध्याकाळी सोलापुरात आसरा चौकाजवळ गाडीची धडक बसली. मागचे दोन्ही पाय लुळे, पुढचे दोन्ही ताठ आणि सरळ. पुढच्या पायांचा हा ताठपणा बघून लोक म्हणतात, मेंदूला मार बसला, आता काही खरं नाही. तसं नसतं. छातीच्या मागच्या भागात किंवा कमरेच्या सुरुवातीला मज्जारज्जूला जोरात मार बसला की पुढचे पाय असे ताठ होतात. याला शिफ-शेरिंग्टन स्थिती म्हणतात. त्यावरून इजा कुठे आहे ते कळतं, कुत्रा वाचेल की नाही ते कळत नाही.

धडक प्रत्यक्ष पाहणारे दोघे होते, हे लिहून ठेवणं महत्त्वाचं. अपघाताची खात्री नसताना रस्त्यावरचा कुत्रा मागून लुळा पडलेला सापडला, तर आधी मूक रेबीज (कुत्रा पिसाळत नाही, लुळा पडतो) आणि डिस्टेंपर या विषाणूच्या रोगाचा विचार करायचा आणि उघड्या हाताने तोंडाजवळ जायचं नाही. इथे हाताळणाऱ्या सगळ्यांची रेबीजची आगाऊ लस झालेली आहे.

उचलताना: ९० बाय ४५ सें.मी. प्लायवूडची फळी, तिघेजण. एकाने डोकं-खांदे, दुसऱ्याने कंबर धरून एकाच पातळीत फळीवर सरकवलं. दोन पट्टे, एक खांद्यावर आणि एक कुल्ल्यावर. पोटावर पट्टा नाही, श्वास अडतो. तोंडाला गॉझची पट्टी बांधली, कारण दुखणारा कुत्रा ओळखीच्यालाही चावतो. उलटी होत असेल किंवा श्वास लागला असेल तर मात्र तोंड बांधायचं नाही.

१२ डिसेंबर

एक्स-रे: कमरेचा पहिला मणका मोडून सरकलेला. छातीचा एक्स-रे आधी काढला. धडक बसलेल्या कुत्र्यात फुप्फुसाभोवती हवा साचणं किंवा छाती आणि पोटामधला पडदा फाटणं हमखास शोधावं लागतं, नाहीतर भूल देताना कुत्रा टेबलावरच जातो. छाती ठीक. सोनोग्राफीत मूत्राशय शाबूत, पोटात पाणी नाही.

मज्जातंतूंची तपासणी:
- गुडघ्याचा प्रतिक्षेप (ठोकल्यावर आपोआप बसणारा झटका) दोन्हीकडे आहे, थोडा जास्तच.
- पाठीवरची कातडी चिमट्याने धरली की ती थरथरते. ही थरथर इजेच्या जरा मागे जाऊन थांबते, त्यामुळे एक्स-रेशी जुळते.
- पायाच्या बोटाचं हाड चिमट्याने दाबलं: उजवीकडे मान वळवली आणि गुरगुरला. डावीकडे उशिरा, पण ओठ चाटले आणि मागे पाहिलं.

सगळ्यात मोठी गोष्ट ही शेवटची. बोट दाबल्यावर पाय आखडला म्हणजे कुत्र्याला कळलं असं नाही. पाय आखडणं मज्जारज्जूच्या खालच्या भागातूनच होतं, मेंदूला पत्ताही नसतो. डोकं वळवणं, ओरडणं, चावायला येणं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होणं, यातलं काहीतरी दिसलं तरच खोल वेदना आहे असं लिहायचं. मणका मोडून सरकलाय आणि खोल वेदना अजिबात नाही, अशा कुत्र्यात पाय परत येण्याची आशा फारच कमी असते. भुऱ्यात ती आहे. फ्रँकेल मापावर (० म्हणजे पाय लुळे आणि खोल वेदनाही नाही, आकडा वाढेल तशी सुधारणा) १.

रक्त: पीसीव्ही (रक्तातल्या लाल पेशींचं प्रमाण) २७ टक्के, प्लेटलेट यंत्रावर ५८,०००. गोचीड भरपूर. एर्लिकियाची, म्हणजे गोचीडतापाची, किट तपासणी पॉझिटिव्ह. सोलापुरात रस्त्यावरच्या कुत्र्याच्या शस्त्रक्रियेआधी ही तपासणी वगळू नये. यंत्राचा आकडा जसाच्या तसाही घेऊ नये. काचेवर रक्ताचा थर घेऊन बघितलं तर कडेला प्लेटलेटच्या गुठळ्या होत्या, म्हणजे यंत्राने त्या मोजल्याच नाहीत. सूक्ष्मदर्शकात ऑइल इमर्शन भिंगाखाली एका क्षेत्रात सरासरी ६ दिसल्या. एकीला १५,००० धरलं तर साधारण ९०,०००. वरच्या ओठाच्या आतल्या बाजूला घेतलेल्या बारीक छेदातलं रक्त तीन मिनिटांत थांबलं (चारच्या आत हवं). पुण्याच्या शल्यविशारदांना दोन्ही आकडे आणि काचेचे फोटो पाठवले. त्यांनी होकार दिला, रक्तदाता कुत्रा तयार ठेवण्याच्या अटीवर.

गोचीडतापासाठी डॉक्सिसायक्लिन सुरू: १० मि.ग्रॅ. प्रति किलो, रोज, २८ दिवस. गोळी जेवणासोबत आणि वर पाणी, कारण अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिन आणि गॅबापेंटिन. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक नाही, प्लेटलेट कमी असताना ते रक्तस्राव वाढवू शकतं. स्टेरॉइडही नाही. कण्याच्या मारात त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही, आणि ते मेलॉक्सिकॅमसारख्या औषधासोबत गेलं तर आतड्याला भोक पडू शकतं. गॅबापेंटिनचं माणसांचं पातळ औषध घेताना बाटलीवर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) लिहिलंय का ते वाचायचं. कुत्र्याला ते विष आहे. आम्ही कॅप्सूलच वापरतो.

१३ डिसेंबर

पहाटे निघून पुणे महामार्गाने टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण. फळीवर बांधलेलाच. वाटेत दोनदा थांबून मूत्राशय रिकामं केलं. दुपारी सीटी स्कॅन: कण्याच्या नळीत हाडाचा तुकडा घुसलाय, मज्जारज्जू डावीकडून जास्त दाबलेला.

१४ डिसेंबर

शस्त्रक्रिया झाली. तुकडा काढून दाब मोकळा केला, मोडक्या मणक्याच्या पुढे-मागे मिळून सहा आटेदार पिना, त्यांच्याभोवती हाडाचं सिमेंट. सिमेंट गोठताना चांगलंच तापतं, म्हणून ते घट्ट होईपर्यंत वरून थंड सलाईन सोडत राहतात.

संध्याकाळी पीसीव्ही १९. रक्त द्यायचं ठरलं. दाता ३२ किलोचा, लस झालेला, गोचीडतापाच्या तपासणीत निर्दोष. हिशोब सोपा आहे: किलोमागे २ मि.ली. पूर्ण रक्त दिलं की पीसीव्ही साधारण १ ने वाढतो. २०० मि.ली. म्हणजे किलोमागे सुमारे १४, म्हणजे ७ ने वाढ अपेक्षित. पहिली वीस मिनिटं अगदी हळू, दर पाच मिनिटांनी तापमान, नाडी, श्वास. चेहरा सुजणं, उलटी किंवा एक अंशाने ताप चढला की थांबवायचं. एकूण चार तासांच्या आत पिशवी संपवायची, पुढे जंतू वाढतात. दुसऱ्या दिवशी सकाळी २५. ताज्या रक्ताने प्लेटलेट फारशा वाढत नाहीत, ती अपेक्षा ठेवूनही दिलेलं नव्हतं.

१७ डिसेंबर

सोलापुरात परत. पिंजरा १२० बाय ९० सें.मी., उडी मारता येणार नाही इतक्या उंचीचा. खाली १० सें.मी. फोम, त्यावर रेक्झिन, त्यावर दोन टर्किश टॉवेल. आपल्याकडे कारखान्यांतून सेकंडचे टॉवेल किलोवर मिळतात. ते इथे दिवसाला बारा-पंधरा लागतात. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा धुण्याचं पाणी वेगळ्या बॅरलमध्ये साठवणं हा या कामाचाच भाग धरा. ओला टॉवेल अंगाखाली राहिला की दोन दिवसांत कातडी लाल होते आणि आठवड्यात जखम होते.

दर चार तासांनी कूस बदलायची. कुल्ल्याचं हाड, बसण्याचं हाड आणि कोपर या जागा रोज बोटाने तपासायच्या.

खाणं: विश्रांतीतली गरज ७० गुणिले वजनाचा ०.७५ घात, १४ किलोला साधारण ५०० कॅलरी. उकडलेली चिकन १५० ग्रॅम, शिजलेला भात १५० ग्रॅम, एक अंडं. मीठ-मसाला, कांदा, लसूण काही नाही. हा फक्त काही दिवसांचा आहार आहे, त्यात कॅल्शियम नाही. पुढच्या आठवड्यापासून तयार खाद्य.

१९ डिसेंबर

मूत्राशयाबद्दल सविस्तर लिहितो. लोक पाय हलले का ते विचारतात, आणि इकडे असे कुत्रे जातात ते मूत्राशयामुळे.

इजा छातीच्या तिसऱ्या ते कमरेच्या तिसऱ्या मणक्यात असेल तर लघवी अडवणारा स्नायू घट्ट आवळलेला राहतो. मूत्राशय तुडुंब भरतं, मग थोडी थोडी लघवी गळते. अंथरूण ओलं दिसलं की घरचे म्हणतात, आज स्वतःहून केली. ती केलेली नसते, भरून सांडलेली असते. असं दोन-तीन दिवस राहिलं तर मूत्राशयाचा स्नायू ताणून निकामी होतो. पुढे नसा सुधारल्या तरी तो आकुंचन पावत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी, पाय चालू, आणि कुत्रा आयुष्यभर लघवीच्या संसर्गात, असं त्यामुळे घडतं.

पद्धत: हातमोजे घालायचेच, लघवीतून लेप्टोस्पायरा हा माणसालाही होणारा जंतू पसरतो. कुत्रा उजव्या कुशीवर, किंवा टॉवेलच्या झोळीत उभा. दोन्ही तळवे सपाट, पोटाच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या मांड्यांच्या जरा पुढे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं हाताला लागतं. बोटांनी टोचायचं नाही. तळव्यांनी हळू दाब वाढवत शेपटीच्या दिशेने, दहा-पंधरा सेकंद एकसारखा धरायचा. पोट कडक केलं तर थांबायचं, श्वास सोडला की पुन्हा. धार सुरू झाली की दाब तेवढाच ठेवायचा. थांबली की अर्धं मिनिट सोडून पुन्हा एकदा. घट्ट भरलंय आणि दाबूनही थेंब येत नाही, तर जोर लावायचा नाही, मूत्राशय फुटतं. डॉक्टरकडून नळी घालून घ्यायची.

मोजायचं कशाने: मापाचा जग. किलोमागे तासाला १ ते २ मि.ली. लघवी तयार होते. १४ किलोच्या कुत्र्याची आठ तासांची ११२ ते २२४ मि.ली. व्हायला हवी. जगात ४० आली आणि पोट अजून गच्च, तर आत राहिली आहे. ४० आली आणि पोट मऊ, तर पाणी कमी प्यायला आहे. दोन्हींना उपाय वेगळे, म्हणून आकड्यासोबत ‘गच्च’ किंवा ‘मऊ’ लिहायचं. सध्या वेळा: सकाळी ६, दुपारी १२, संध्याकाळी ६, रात्री ११.

आजचा आकडा: ९०, १३०, ११०, ७०. चारही वेळा शेवटी मऊ. प्राझोसिन १ मि.ग्रॅ. बारा तासांनी, अडवणारा स्नायू सैल व्हावा म्हणून. गोळी साधी हवी. लांब वेळ काम करणारी गोळी तोडून दिली तर सगळं औषध एकदम सुटतं आणि रक्तदाब कोसळतो.

२४ डिसेंबर

सकाळच्या लघवीला घाण वास, रंग गढूळ, शेवटी गुलाबी. ताप ३९.७ अंश सेल्सिअस. पोटातून सुईने निर्जंतुक नमुना काढून कल्चरला (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला) दिला. मापाच्या जगमधली लघवी कल्चरला चालत नाही, बाहेरचे जंतू येतात. निकाल येईपर्यंत दिवसाला पाचदा रिकामं करायचं, पाणी वाढवायचं, खाण्यात १०० मि.ली. कोमट पाणी मिसळायचं.

२७ डिसेंबर

कल्चर: ई. कोलाय. या जंतूवर चालणाऱ्या औषधांच्या यादीतलं ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट सुरू. ताप उतरला. कल्चरशिवाय अंदाजाने अँटिबायोटिक बदलत राहिलं की पुढच्या वेळी काहीच लागू पडत नाही, आणि या कुत्र्यांना पुढची वेळ येतेच.

मांड्यांच्या आत लघवीने कातडी भाजल्यासारखी झाली होती. केस कापले, साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं, वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. झिंक ऑक्साइडचं मलम नको. चाटलं तर झिंक पोटात जातं.

२९ डिसेंबर

टाके काढले. शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केलेले हलके व्यायाम आता वाढवले. दिवसातून तीनदा, आधी दहा मिनिटं कोमट शेक. मग खालून वर: बोटं, टाच, गुडघा, कुल्ला, प्रत्येक सांधा १० ते १५ वेळा, एका हाताने वरचं हाड स्थिर धरून. शेवटी पाय सायकलसारखा फिरवायचा. सांधा अडला तर तिथेच थांबायचं. पाठ वळता कामा नये, हाड जुळायला अजून बराच काळ आहे.

उभं करणं: टर्किश टॉवेल लांबीत दुमडून पोटाखालून मागच्या पायांपुढे, दोन्ही टोकं वर. नराच्या लिंगावर दाब येतो, म्हणून टॉवेल जरा मागे ठेवून मधे खाच कापली. दोन मिनिटं, दिवसातून चारदा. पंजे सपाट टेकवून द्यायचे. खाली रबरी चटई हवी, शहाबादी फरशीवर पाय फाकतात.

६ जानेवारी

खाण्याचं भांडं दिसल्यावर शेपटी हलली. दोनदा बघितलं, भांडं दिसलं की हलते, नुसतं अंगाला हात लावून नाही. म्हणजे आदेश वरून येतोय. उजवी मांडी ओढण्याचा प्रयत्नही दिसतो. फ्रँकेल ३. आम्हां सगळ्यांना आज फार आनंद झाला.

९ जानेवारी

डॉक्सिसायक्लिनचा कोर्स पूर्ण. पीसीव्ही ३६, प्लेटलेट १,९०,०००, गुठळ्या नाहीत.

१५ जानेवारी

सिद्धरामेश्वरांची यात्रा. शोभेच्या दारूकामाचे आवाज लांबवर येतात. पिंजऱ्यात घाबरून उसळी घेतली तर पिना हलू शकतात, त्यामुळे तयारी आधीच केली: ट्रॅझोडोन हे भीती कमी करणारं औषध ५० मि.ग्रॅ. आवाज सुरू होण्याच्या दीड तास आधी, पिंजऱ्यावर जाड सोलापुरी चादर, शेजारी पंखा आणि रेडिओ. औषध आवाज सुरू झाल्यावर दिलं तर उपयोग होत नाही. झोपून राहिला. गॅबापेंटिनसोबत गुंगी वाढते, म्हणून रात्रीची लघवी उभं न करता कुशीवरच काढली.

२७ जानेवारी

सहा आठवड्यांचा एक्स-रे: पिना जागेवर, सिमेंटला तडा नाही, हाड जुळतंय. पिंजऱ्याबाहेर मोजकी हालचाल करायला परवानगी. झोळीच्या आधाराने पाच-सहा पावलं उजव्या पायाने, डावा ओढला जातो.

लघवी: आता मापाच्या जगमधले आकडे कमी होताहेत, ६० आणि ४५, आणि पोट मऊ. मधल्या वेळात झाडाजवळ उभं केल्यावर स्वतःची धार येते. तरी दाबून काढणं बंद केलेलं नाही. धार दिसली म्हणजे रिकामं झालं असं होत नाही.

८ फेब्रुवारी

गाडी तयार. कायमची नाही, रोजच्या व्यायामासाठी. पाऊण इंची पीव्हीसी पाईप, टी आणि एल्बो जोड, लहान मुलांच्या सायकलची दोन १० इंची चाकं, आसाला ८ मि.मी. बोल्ट, पाईपवर फोमचं आवरण.

मापं कुत्रा झोळीत सरळ उभा धरून घ्यायची: जमिनीपासून जांघेपर्यंत उंची, खांद्यापासून शेपटीच्या बुडापर्यंत लांबी, कुल्ल्याची रुंदी अधिक ५ सें.मी. आधी सगळं सिमेंट न लावता जोडून कुत्र्याला घालून बघायचं, खुणा करायच्या, मग सॉल्व्हंट सिमेंट आणि एक दिवस वाळवणं.

बिघडतं ते इथे. एक, मागचा आडवा पाईप वजनाने वाकतो आणि चाकं आत झुकतात. दुसरा आडवा पाईप टाकला की थांबतं. दोन, चाकं फार मागे गेली तर सगळा भार खांद्यावर येतो आणि आधीच राबणारे पुढचे पाय सुजतात. कुत्रा आत उभा असताना पुढचा पट्टा दोन बोटांनी उचलता आला पाहिजे. तीन, जांघेत घासतं. वापरानंतर दरवेळी तिथली कातडी बघायची. सुरुवात दहा मिनिटांनी. मागचे पंजे जमिनीला टेकतील इतकीच उंची ठेवली, लटकवले तर व्यायामच होत नाही.

२ मार्च

झोळीशिवाय अंगणात आठ-दहा पावलं. कुल्ला डोलतो, वळताना पडतो, स्वतः उठतो. फ्रँकेल ४.

डावा पंजा उलटा पडतो. पाय कुठे आहे ही जाणीव सगळ्यात उशिरा येते, कधी अर्धवटच येते. दोन मधल्या बोटांची नखं झिजून रक्त आलं. बाहेर जाताना पातळ तळाचा मोजा, वर कापडी चिकटपट्टी सैल. घरात आल्यावर लगेच काढायचा, आत घाम आणि माती राहिली की बोटांमधे सडतं. घट्ट बांधला तर पंजा सुजतो. जिन्याची एक पायरी आणि आडव्या ठेवलेल्या चार काठ्या ओलांडणं, दिवसातून दोनदा.

३० मार्च

दुपारी चाळिशीपर्यंत पारा. अशा कुत्र्याला सावली गाठायला वेळ लागतो, आणि आपल्याकडचं ऊन थांबत नाही. व्यायाम सकाळी ७ च्या आत आणि रात्री ८ नंतर. डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली तरच पंजा ठेवायचा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी चटके देतं, धुण्यासाठी बॅरलमधलं घ्यायचं.

ताप ४१ च्या वर, जीभ गडद लाल, तोल जातोय: अंगावर साधं पाणी आणि पंखा, बर्फ नाही. ३९.५ ला थंड करणं थांबवायचं, नाहीतर तापमान खाली घसरत राहतं. मग थेट डॉक्टर. ही ओळ खडूने भिंतीवर लिहिली आहे.

१२ एप्रिल

सोनोग्राफी: लघवी करून झाल्यावर मूत्राशयात साधारण ५ मि.ली. उरते. १४ किलोला हे चालतं. प्राझोसिन मार्चमध्ये हळूहळू बंद केलं होतं, ते बंदच. दाबून काढणं आजपासून बंद.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदी केलेला रस्त्यावरचा कुत्रा उचलला त्याच जागी परत सोडतात. भुऱ्याची नसबंदी आणि रेबीजची लस झाली आहे, पण धावत्या रस्त्यातून बाजूला होण्याइतका तो चपळ नाही. जुळे सोलापुरात तळमजल्यावरच्या, अंगण असलेल्या घरी तो जातोय. सोबत दिलेल्या कागदावर: वास, रंग किंवा धार बदलली तर त्याच दिवशी लघवीची तपासणी, पायरीवरून उडी नाही, गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, डावा पंजा रोज रात्री, गोचिडांचं औषध ठरल्या तारखेला, चुकवायचं नाही. वजन १५.५ किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही, जास्तीचा प्रत्येक किलो त्याच कमरेवर येतो.

लघवीची पुढची तपासणी १२ मे. एक्स-रे जूनमध्ये.